पाववाल्याशी लावलेली शर्यत

"आज मागे वळून पाहायचं नाही."

ही ओळ मीच लिहिली होती, एका जुन्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर, निळ्या पेनाने. चार घड्या घालून ती चिठ्ठी मीच स्टीलच्या डब्यात टाकली होती आणि त्या दिवशी सकाळी डब्यात हात घालून मीच ती काढली. तेव्हा दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला इथे जागा नाही, हे सुरुवातीलाच सांगते. तरी मी बोट दाखवलं. ते पुढे येईलच.

मी एकटी सायकल चालवते. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, वाटेत कोणाची मदत नाही, असा सायकल चालवणाऱ्यांचा एक उपक्रम असतो. तो पुरा करायचं मी ठरवलं होतं. त्याआधीची परीक्षा म्हणून जालन्याहून धावड्याला मावशीकडे जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. त्यासाठी रोज सकाळी राजूरच्या रस्त्याने सराव. पहिले आठ दिवस उत्साह असतो. मग बूड दुखायला लागतं, आणि पाय पुढे जात असले तरी मन घरी परतून चहा पीत बसलेलं असतं. सोबत कोणी असतं तर बोलण्यात अंतर कापलं गेलं असतं. नव्या जालन्यात रविवारी निघणारा एक गट आहे. डॉक्टर, व्यापारी, भली माणसं. पण दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या सायकलींच्या किमतींवर एक जळजळीत लेख लिहिला होता. तो लेख तेव्हा मला फार आवडला होता. आता त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जाणार?

म्हणून मी एकटीनेच खेळ काढले. आमच्याकडे शेतांच्या कुंपणावर बियाण्यांच्या पाट्यांना तोटा नाही. दोन पाट्यांमधलं अंतर जीव खाऊन मारायचं, पुढच्या दोन पाट्या दम घ्यायचा. चढ आला की मनातल्या मनात घोषणा द्यायची आणि घोषणेच्या प्रत्येक ठोक्याला उजवा पाय खाली दाबायचा. समोरून वारा असला तर त्याला एखाद्या मस्तवाल माणसाचं तोंड द्यायचं आणि राजूरपर्यंत त्याच्याशी भांडत जायचं. यात वेळ बरा जाई.

मग चिठ्ठ्यांचा डबा आला. निघायच्या आधी एक चिठ्ठी काढायची आणि त्यात असेल ते त्या दिवशी पाळायचंच. "आज हलका गिअर बंद." "आज प्रत्येक पूल उभ्याने." "आज पाणी फक्त परतीला." चिठ्ठ्यांसाठी कागद घरात भरपूर. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचेच.

आमचं घर पत्रकांचं घर आहे. जुन्या जालन्यातल्या दोन खोल्या, खाली दुकानं, वर आम्ही. बाबा एका छापखान्यात काम करत आणि उरलेल्या वेळात लोकांची पत्रकं लिहून देत. नळाचं पाणी, रेशन, कापूस वेचणाऱ्या बायकांची मजुरी, शाळेचं गळकं छप्पर. मी बाराखडी पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त शिकले. "जाहीर निषेध" हे शब्द मला "कमळ" आणि "बदक" यांच्या आधी वाचता येत होते, असं आई सांगते.

बाबांची एक रीत होती. पत्रकात चूक निघाली तर ती तोंडी सांगून भागायची नाही. त्याच रंगाच्या कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्तीची चिठ्ठी छापायची, आणि जिथे जिथे पत्रक वाटलं तिथे तिथे जाऊन ती हातात द्यायची. मी दहा वर्षांची असताना एका पत्रकात छापलं गेलं होतं की पाण्याच्या बैठकीला साहेब आलेच नाहीत. नंतर कळलं, साहेब आले होते, मागे बसून लवकर गेले. बाबांनी चिठ्ठ्या छापल्या आणि मला बरोबर घेऊन दुकान-दुकान फिरले. एक किराणावाला हसून म्हणाला, "अहो, त्या साहेबानं तर तुमचं पत्रक वाचलंबी नसंल."

बाबा म्हणाले, "त्यानं वाचलं न्हाई. आपण तर छापलं ना?"

मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला होता की माझ्या वाट्याच्या चिठ्ठ्या मी पळत पळत वाटल्या.

*

राजूरच्या रस्त्यावर रोज मला एक पाववाले चाचा दिसायचे. साठीच्या आसपासचे असतील. काळी जड सायकल, मागे कॅरिअरवर पत्र्याची भलीमोठी पेटी, हँडलला दोन्ही बाजूंनी खारी-टोस्टच्या पिशव्या आणि एक रबरी भोंगा. जुन्या जालन्यातल्या एका भट्टीवरून माल घेऊन ते पुढच्या एका फाट्यावरून डावीकडे वळत आणि आतल्या चार गावांत पाव विकत. मी डब्यात एक नवी चिठ्ठी टाकली, "पाववाल्याला फाट्याच्या आत गाठ." तीच चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी परत टाकली. मग ती डब्यात टाकायचंच सोडून दिलं, कारण तो खेळ रोजचा झाला.

त्यांना काही कळत नसेल, असं मी धरून चालले होते. आठवड्याभराने मी त्यांच्या बाजूने पुढे निघाले तर ते समोर बघतच बोलले.

"बेटा, एक विचारू?"

"विचारा ना, चाचा."

"तू रोज मला पकडून राह्यली का?"

मी पायडल मारायचं थांबवलं. ते म्हणाले, "न्हाई, मी पाहून राह्यलो. मी दिसलो की तुझे पाय जल्दी फिरतेत. मी मागं पडलो की तू ढिली."

"राग आला का तुम्हाला?"

"राग? अगं, चाळीस साल पाव विकून राह्यलो, माझ्या मागं कोणी लागलं न्हाई. कुत्रे सोडून."

मी हसले. मग त्यांनी माझ्या सायकलीकडे नीट पाहिलं. "किती गिअर हायेत हिला?"

"एकवीस."

"माझ्या गाडीला एकच, अन् मागं ही पेटी. मंग असं कर. मी पुलावर पोचलो की भोंगा वाजवतो, तेव्हा तू पंपापासून निघ. बराबरीचं होईल."

नियम त्यांनीच ठरवले. पेट्रोल पंप ते फाट्यावरचा बसथांबा. मी जिंकले तर त्यांनी माझी एक घोषणा द्यायची. ते जिंकले तर मी थांब्यापाशी उभं राहून त्यांची हाळी द्यायची. पहिल्याच दिवशी मी हरले. "पाव! खारी! टोऽस!" असं ओरडले तर थांब्यावर बसलेल्या एका आजीबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोरी, आवाज सभेचा हाय तुझा," त्या म्हणाल्या. "पावाला एवढं भांडायला लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी जिंकले. चाचांनी सायकल स्टँडवर लावली, टोपी सारखी केली, मूठ वर केली आणि रिकाम्या रस्त्याला विचारलं, "रस्ता कोणाचा?" मग स्वतःच उत्तर दिलं, "चालणाराचा!" आणि मला म्हणाले, "बराबर झालं का? का अजून गुस्सा पायजे?"

महिनाभर हे चाललं. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती, कापसाची वेचणी सुरू होती, सकाळी हात गारठायचे. चाचांची लय सुधारत होती. वारा समोरून असला की कोपर आत घेऊन पेटीच्या पुढे वाकायचं, हे मी त्यांना सांगितलं. चढावर पायडल दाबण्याऐवजी गोल फिरवायचं, हे त्यांनी मला. ते पोरसवदा असताना त्यांच्या मोहल्ल्यात सायकलचा खेळ यायचा. माणूस सात दिवस सायकलवरून उतरायचा नाही, तिथेच खायचा, तिथेच अंघोळ करायचा. "मी त्याला पाणी द्यायचो," चाचा म्हणाले. "वाटायचं, मला एकदा तरी बसू द्या. पन मी पाणीच देत राह्यलो."

माझा वेग महिन्याभरात इतका वाढला की धावडा मला जवळ वाटायला लागलं. फोनमध्ये एक ॲप आहे, ते रोजचा वेळ मोजतं. पंप ते फाटा या टप्प्याचा माझा विक्रम दर आठवड्याला मोडत होता. तो वेग चाचांनी दिलेला होता. माझ्या मनात मात्र ते सरावाचं साधन होते, माझ्या एकविसाव्या गिअरसारखे. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर त्याच महिन्यात मी दोन लेख लिहिले होते.

*

त्या सकाळी "मागे वळून पाहायचं नाही" ही चिठ्ठी निघाली. सोपी वाटली. पुलावरून भोंगा दोनदा वाजला आणि मी निघाले. वारा पाठीशी होता. मोसंबीच्या बागेजवळ मी चाचांना गाठलं. मी पुढे सरकताना ते ओरडले, "जा, जा! आज मी सोडत न्हाई!" आणि खरंच त्यांनी सोडलं नाही. भोंग्याचा आवाज माझ्या मागे, अगदी जवळ येत होता. पों, पों. ते हसत होते, तेही ऐकू येत होतं. फोनकडे पाहिलं. विक्रम मोडणार होता, तोही चांगल्या फरकाने.

पुढे एक वळण आहे. तिथे रस्ता रुंद करायला आणलेली गिट्टी दोन महिने कडेला पडून होती आणि पसरत पसरत रस्त्यावर आली होती. मी मधून गेले. वळण संपलं आणि मागे आवाज झाला. पत्र्याचा, मोठा. त्यात भोंग्याचा अर्धाच आवाज.

तो आवाज मी ऐकला होता. हे वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले.

मी स्वतःशी काय म्हणाले ते आठवतं. पेटीचं झाकण उघडलं असेल. कोणी गिऱ्हाईक भेटलं असेल. आणि मग, ठसठशीतपणे: चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. ठरवलं ते मोडायचं नाही. ज्या घरात मी वाढले तिथे शब्द पाळणं हीच सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि मी माझा शब्द पाळला. थांब्यापाशी जाऊन घड्याळ बंद केलं, तेव्हा कुठे मागे पाहिलं. वळणाच्या अलीकडचा रस्ता रिकामा होता. थोडा वेळ उभी राहिले. हरले म्हणून चाचा रेंगाळत असतील, त्यांना घोषणा द्यायची नसेल, असंही मनात आणलं. मग राजूरला गेले आणि दुसऱ्या रस्त्याने घरी आले, कारण त्या दिवशी साठ किलोमीटर पुरे करायचे होते.

संध्याकाळी आई भट्टीवर पाव आणायला गेली आणि बातमी घेऊन परत आली. "राजूरच्या रस्त्याला जातो तो पाववाला पडला म्हणे. मनगट मोडलं. कापूस वेचायला चाललेल्या बायांनी त्यांच्या पिकअपमधी टाकून आणलं त्याला."

मी म्हणाले, "कुठं?" जसं काही मला माहीतच नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी आतल्या चार गावांपैकी एकातले दोन शेतकरी बाबांकडे आले. चाचांनी दवाखान्यात सांगितलं होतं की गिट्टीवरून घसरलो. तेवढंच, आणि ते खरंच होतं. माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. गावातल्या तीन-चार मोटारसायकलीही त्या वळणावर आधी घसरल्या होत्या. "कितींदा सांगितलं, ठेकेदार ऐकत न्हाई," एक जण म्हणाले. "तुमच्या घरचं पत्रक असलं की लोक वाचतेत. एक लिहून द्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लिहितेस का? तुझाच रस्ता आहे."

मी एका बैठकीत लिहिलं. कधी नव्हे इतकं भराभर सुचत होतं. मथळा दिला, "गिट्टीने मोडलेला हात". ठेकेदाराला झोडपलं, यंत्रणेला झोडपलं, झोपलेल्या समाजाला झोडपलं. जेवढं दुसऱ्यांवर लिहीत होते तेवढं मला हलकं वाटत होतं. आणि मध्ये हे वाक्य लिहिलं: "वयाने थकलेले, कष्टाने वाकलेले पाववाले काका रोजच्यासारखे संथपणे, रस्त्याच्या कडेने चालले होते."

बाबांनी तीनदा वाचलं. त्यांचा नियमच तो. मग विचारलं, "तू त्याच वेळेला त्या रस्त्यानं जातीस ना? पाहिलंस का पडताना?"

"न्हाई. मी पुढं गेले होते."

हे शब्दन् शब्द खरं होतं. बाबांनी मान हलवली आणि कागद छापायला घेतला.

गुलाबी कागदावर दोनशे पत्रकं निघाली. ती मीच सायकलवरून वाटली, पंपापासून आतल्या शेवटच्या गावापर्यंत, प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक पारावर. लोकांनी वाचलं, चिडले, फोन केले. आठवड्याच्या आत एक यंत्र आलं आणि गिट्टी उचलून गेलं. फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "ताई, लेखणीला धार हाय तुमच्या." मला ते आवडलं. वळण स्वच्छ झालं होतं, तिथून आता न घाबरता वेगाने जाता येत होतं. मी गेलेही.

*

चाचांना भेटायला मी बाराव्या दिवशी गेले. आधीच्या अकरा दिवसांत रोज काहीतरी काम निघालं.

त्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. जिन्याखाली ती काळी सायकल साखळीने बांधलेली होती. पेटी नव्हती. चाचा पलंगावर उशीला टेकून बसले होते, डावा हात प्लास्टरमध्ये. समोरच्या कपाटावर माझं गुलाबी पत्रक चिकटवलेलं.

त्यांचा मुलगा गॅरेजला निघाला होता. "तुम्हीच लिहिलं ना, ताई? लय बराबर लिहिलं. मीच लावलं इथं. अब्बाला रोज दाखवतो. बघा म्हटलं, दुनिया काय म्हणून राह्यली. थकलेत तुम्ही. बिलकुल बस करा आता." जिन्याकडे हात करून म्हणाला, "पेटी भट्टीवर परत देऊन आल्तो. सायकलबी विकून टाकणार हाय."

तो गेला. चाची चहा टाकायला आत गेल्या. चाचांनी कपाटाकडे बोट केलं. मग म्हणाले, "बेटा, ते वाच जरा. माझं मराठी कच्चं. पोरगा त्याला पायजे तेवढंच वाचतो."

मी कपाटासमोर उभी राहून माझंच पत्रक मोठ्याने वाचलं. सभेत वाचते तसा आवाज लागेना. "वयाने थकलेले, कष्टाने वाकलेले पाववाले काका रोजच्यासारखे संथपणे..."

"थांब. संथपणे म्हंजे?"

"सावकाश."

"सावकाश?" ते उशीवरून पुढे आले. "मी? त्या दिवशी?"

मी पत्रकाच्या सुटलेल्या कोपऱ्यावर बोट दाबलं.

"मी तुझ्या चाकाला चाक लावत आल्तो, बेटा. अजून दोन पाट्या, मी पुढं गेलो असतो." त्यांनी हळूच आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज कमी केला. "मी घरात कोणाला सांगितलं न्हाई. म्हटलं, तुझ्यावर यायला नको. पन तू तर होती ना तिथं. तुला तर माहीत होतं. चाळीस साल सावकाशच चालवली मी. एक महिना जोरात चालवली. तू तोच पुसून टाकला."

कपाटाच्या आरशात माझा अर्धा चेहरा दिसत होता, उरलेल्या अर्ध्यावर पत्रक होतं.

"पडलो तेव्हा आवाज आल्ता तुला?"

"आल्ता."

"मंग?"

मी चिठ्ठ्यांच्या डब्याचं सांगितलं. त्या दिवशी कोणती निघाली तेही. ते ऐकत राहिले, लहान मुलाचं कारण ऐकावं तसे.

"चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणून?"

"हो."

"कोणी लिहिलं होतं?"

"मीच."

त्यांनी प्लास्टरचा हात उचलून उशीवर नीट ठेवला. चाची चहा घेऊन आल्या. सोबत बशीत खारी होती. मला ती गिळता येईना आणि न खाता उठताही येईना.

*

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी विचारलं होतं तुला."

"मी खोटं बोलले न्हाई, बाबा. पुढं गेले होते म्हणाले."

"तेच तर," ते म्हणाले. "तू माझ्यापेक्षा चांगली लिहितीस." यात कौतुक नव्हतं. मग उठून पलंगाखालून गुलाबी कागदाचा उरलेला गठ्ठा काढला. "किती वाटली होतीस?"

"दोनशे."

"मंग दोनशे."

चिठ्ठी मी सहा वेळा लिहिली. पहिल्या पाच वेळा ती सुंदर होत होती. सहाव्यांदा एवढीच राहिली:

"दुरुस्ती. 'गिट्टीने मोडलेला हात' या पत्रकात पाववाले काका थकलेले होते आणि संथपणे चालले होते असे छापले. ते खरे नाही. ते जोरात होते आणि मला गाठत आले होते. ही शर्यत मी रोज लावत होते. ते पडले तेव्हा मला आवाज आला होता. मी थांबले नाही. गिट्टी तिथे नको होती, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे." खाली माझं पूर्ण नाव.

छापायच्या आधी ती चाचांना वाचून दाखवली. चाचीही बसल्या होत्या. चाची म्हणाल्या, "या उमरमध्ये रेस? शरम न्हाई वाटली?" चाचा म्हणाले, "ते 'गाठत आले होते' जरा मोठं छाप." बाबांच्या नियमात ते बसत नव्हतं. सगळी अक्षरं सारखीच छापली.

वाटायला निघाले तेव्हा डब्याला हात लावला नाही. वारा समोरून होता, आणि त्याला कोणाचंही तोंड द्यावंसं वाटलं नाही. प्रत्येक हॉटेलात उतरायचं, चिठ्ठी हातात द्यायची आणि ती वाचून होईपर्यंत उभं राहायचं, असं मी ठरवलं होतं. राजूरच्या चढापेक्षा ते उभं राहणं अवघड होतं. काही जण हसले. "पाववाला अन् रेस? काय सांगता! भारी निघाला की म्हातारा." पत्रक मागायला आलेले ते दोघे शेतकरी पारावर भेटले. त्यांतले एक वाचून म्हणाले, "ताई, काम झालं होतं आमचं. आता तो ठेकेदार हेच दाखवत फिरंल. हे कशाला उकरलं?" मी म्हणाले, गिट्टीचं खाली लिहिलंय. ते म्हणाले, "खालचं कोण वाचतंय?"

फाट्यावरच्या चहावाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. लेखणीला धार असल्याचं हाच म्हणाला होता. त्याने ती घडी करून बरणीखाली ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा गाळता गाळता म्हणाला, "आवाज ऐकून थांबली न्हाई. अन् आम्हाला पत्रकं वाटती." मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात. मी त्याचा चहा होईपर्यंत उभी राहिले. मग पुढच्या गावाला गेले.

शेवटची चिठ्ठी चाचांच्या मुलाच्या हातात दिली. त्याने दारातच वाचली. "म्हंजे तुम्ही खेळून राह्यले होते? माझ्या बापाच्या हाताशी?" मी हो म्हणाले. त्याला आणखी बोलायचं होतं, पण आतून आवाज आला, "काय लिहिलंय, मोठ्यानं वाच! जोरात होते, तिथून वाच!" तो मला तसंच उभं ठेवून आत गेला. कपाटावर त्याने गुलाबी पत्रकाच्या खाली ती चिठ्ठी चिकटवलेली मी नंतर पाहिली. पत्रक मात्र काढलं नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर सायकल विकली गेली नाही. पण गावांचा फेरा चाचांना परत मिळाला नाही. तो भट्टीवाल्याने मोटारसायकलवाल्या एकाला देऊन टाकला होता. चाचा आता जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतच पाव विकतात. मनगट थोडं वाकडं जुळलं आहे, भोंगा उजव्या हाताला घेतला आहे. गल्ल्यांमध्ये ऑटो आणि दुचाकींची एवढी गर्दी असते की जोरात चालवायला जागाच नाही. म्हणजे आता ते खरोखर संथपणे चालवतात. माझं वाक्य शेवटी खरं झालं.

मागच्या आठवड्यात ते आमच्या दारात थांबले. मी पाव घ्यायला खाली आले तर म्हणाले, "बेटा, तुझ्या फोनमधी ते असतं ना, किती वेळात गेली, कुठून गेली? त्या दिवसाचं हाय का?"

होतं. मी उघडून दाखवलं. पंपापासून फाट्यापर्यंत एक निळी रेघ, आणि वर वेळ. तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्यांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला आणि वाकड्या मनगटाच्या हाताने वळणावर बोट ठेवलं.

"यात मी कुठं हाय?"

"तुम्ही न्हाईत, चाचा. हे फक्त माझं दाखवतं."

"बराबर. फोन तर तुझ्याकडं होता."

मी म्हणाले, "काढून टाकते मी हे. कधीचंच काढायला पायजे होतं."

"न्हाई, न्हाई." त्यांनी फोन मागे ओढला. "राहू दे. कितीही चालव, हाच वर दिसंल ना? मंग दिसू दे. एकदा पुसलंस, बस झालं."

फोन परत देऊन त्यांनी चार पाव मोजून माझ्या हातात ठेवले, भोंगा वाजवला आणि समोरचा ऑटो हलायची वाट पाहत उभे राहिले.